तालमीचं कडवं

"गाय पान्हा सोडते ती सुराला गं, शब्दांना नाही. शब्द कुठलेही घाल. गावभरच्या शिव्या घातल्यास तरी ही बया बादली भरून देईल."

गोठ्यातल्या अंधारातून आलेला बेथियाचा हा आवाज मी ऐकला तेव्हा सोळा वर्षांची होते. गाईच्या पोटाला कपाळ टेकवून ती बसली होती, बादलीत धारा पडत होत्या आणि धारांच्या ठेक्यावर ती गात होती. काठोकाठ भरलेल्या घागरीसारखा तिचा आवाज, जरा डुचमळणारा. मी दारात उभी राहून ऐकलं आणि मनाशी म्हटलं, सूर हिचे, शब्द आपण घालू.

शब्द घातले. त्यांचं देणं मात्र तिने भरलं, आणि मी अडतीस वर्षं शेजारी बसून पाहत राहिले.

माझे वडील किलऑरन गावच्या चर्चचे पाळक. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते, आणि घर सांभाळायला आलेली बेथिया रॅनी पंधरा वर्षांची. माझ्या वेण्या तिने घातल्या, ओटची लापशी गुठळी न होऊ देता कशी ढवळायची ते तिने शिकवलं. बाबा वरच्या खोलीत प्रवचन लिहायला बसले की घरात पाऊल वाजता कामा नये, हेही तिनेच. गुरुवारी मात्र बाबा स्वतःच दार लावून घेत, कारण गुरुवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात स्तोत्रांची तालीम असे.

आमच्या खोऱ्यात स्तोत्राचे शब्द देवाच्या घरचे. आठवड्यात कधीही, लापशीच्या वाफेत, पाय शेकत ते घोकायचे नाहीत. पण चाल तर घोकल्याशिवाय बसत नाही. म्हणून तालमीला चाल स्तोत्राची आणि शब्द भलतेच. कुणाची मेंढी हरवली, कुणाचा पाय चिखलात रुतला, असलं काहीही. तालमीची ही कडवी जुनी झालेली, सगळ्यांना पाठ. मी त्यांत नवी भर घालू लागले. ही भर माझी, हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. बेथियाला ठाऊक होतं, आणि गॅव्हिनला.

गॅव्हिन लॉरिमर विणकर होता. रविवारी चर्चमध्ये व्यासपीठाखालच्या लहान मेजापाशी उभा राहून तो स्तोत्राची एक ओळ म्हणायचा आणि सगळी मंडळी ती ओळ त्याच्यामागून उचलायची. पुस्तकं कमी, वाचणारे त्याहून कमी, त्यामुळे गॅव्हिनच्या तोंडून येईल ते आमचं स्तोत्र. तालमीला तो चुलीसमोरच्या बाकावर अशा बेताने बसे की बेथिया कुठेही वळली तरी त्याला दिसावी.

"गॅव्हिन," बेथिया भाकरी थापता थापता म्हणायची, "चाल काय माझ्या पाठीवर लिहिलीय?"

"नाही. पण पाठीकडे बघितलं की सूर चुकत नाही."

"मग रविवारी काय करशील? मला व्यासपीठावर उभी करशील?"

"रविवारी डोळे मिटून गातो, ते काय उगाच?"

कापणी झाली की त्यांचं लग्न ठरलं होतं.

१८५१च्या वसंतात गॅव्हिनने शेजारच्या गावाहून एक नवी चाल आणली. जूनमधल्या प्रभुभोजनाच्या रविवारी, प्रभूच्या आठवणीत सगळी मंडळी मेजाशी बसून पाव खाते तेव्हा, ती म्हणायची होती. नव्या चालीला नवं कडवं हवं, म्हणून मी केलं. त्याच आठवड्यात गिरणीवाले टॉश, मंडळीच्या पंचांतले सगळ्यांत थोरले, बाबांना येऊन सांगून गेले होते की पाळकाच्या स्वयंपाकघरात फार हसणं चालतं. त्यांची दाढी कमरेपर्यंत पोचलेली; दुसरे प्रार्थना करू लागले की ते ती कुरवाळत बसत. माझ्या कडव्यात तीच आली:

गिरणीवाल्या टॉशची दाढी
बोकडाने पाहिली;
"हरवलेला भाऊ माझा!"
म्हणून मिठी मारली.

बेथिया हसता हसता खाली बसली. तिच्या हातातली भाकरी राखेत पडली. "अगं कार्टे," ती म्हणाली, "हे बाहेर गेलं तर तुझ्या बाबांना टॉश दळून काढेल." पण दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यातून तेच कडवं ऐकू आलं. एप्रिल, मे, सगळे गुरुवार आम्ही ती चाल त्याच शब्दांवर घोकली. मेंढ्या विताना पोरं माळावर ते गात होती. गॅव्हिन मागावर बसला की धोट्याबरोबर बोकडही इकडून तिकडे जायचा. एकदा तो मला म्हणाला, "ग्रिझेल, ही चाल आणि ही दाढी आता वेगळी व्हायची नाही गं." आम्ही त्यावरही हसलो.

प्रभुभोजनाचा रविवार. लांब मेजांवर पांढरी कापडं अंथरलेली, बेथियाने शनिवारी भाजलेले पाव झाकून ठेवलेले. माणसं तीन खोऱ्यांतून चालत आलेली, नदीपाशी पाय धुऊन बूट चढवलेली. बाबांनी एकशेतिसरं स्तोत्र सांगितलं. गॅव्हिन उभा राहिला, डोळे मिटले, सूर धरला आणि पहिली ओळ टाकली.

"गिरणीवाल्या टॉशची दाढी..."

मंडळीला ओळ उचलायची सवय. दोनशे माणसांनी ती उचलली, आणि किती सुंदर उचलली! वरच्या सुरात पोरीबाळी, खाली गडीमाणसं, छताच्या तुळया थरथरल्या. गॅव्हिनचे डोळे अजून मिटलेलेच. त्याने दुसरी ओळ टाकली. ती निम्म्या लोकांनी उचलली. मग एकेक आवाज मागे राहिला. शेवटी मागच्या बाकावरच्या एका बहिऱ्या म्हातारीने बोकडाचं नाव एकटीने, अगदी भक्तिभावाने, पुरं केलं.

टॉश उठले, हॅट घेतली आणि दोन्ही बाजूंच्या माणसांमधून दाढी पुढे धरून बाहेर चालते झाले. मी शालीचं टोक तोंडात कोंबलं होतं. हसू येत होतं म्हणून. त्या पहिल्या क्षणी मला फक्त हसूच आलं होतं, हेही सांगून टाकते.

सोमवारी पंच बसले. गॅव्हिनचं मेज काढून घेतलं. कडवं कुणी रचलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "गायलं मी, आणि मी गायलो तेवढंच मला ठाऊक." टॉश म्हणाले, हे कडवं पाळकाच्या स्वयंपाकघरात शिजलं आहे, शिजवणारं माणूस पुढे आलं नाही, तर मी पाळकांच्या वरच्या सभेला पत्र लिहीन आणि असल्या घरात राहणारा पाळक आम्हाला चालतो का, ते विचारीन.

मंगळवारी सकाळी, न्याहारीआधीची प्रार्थना झाल्यावर बाबांनी पुस्तक मिटलं. मेजाशी आम्ही तिघंच.

"या घरात ते कडवं कुणी केलं?"

माझ्या तोंडात लापशीचा घास होता. गिळायला किती वेळ लागतो? मी तो गिळत होते. गिळून झाल्यावर बोलणार होते. अजूनही माझी तशीच समजूत आहे.

"मी केलं, साहेब," बेथिया म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तू?"

"गाईसमोर बसलं की सुचतं काहीबाही."

मागाहून मी गोठ्यात गेले. रडत होते, ओरडतही होते. तिने माझं तोंड ॲप्रनने पुसलं. "ऐक. मोलकरणीने केलं तर तो वात्रटपणा. पाळकाच्या लेकीने केलं तर लोक म्हणणार, पाळकाच्याच मनात होतं. साहेबांना घराबाहेर काढायचंय का तुला? पंच मला चार शब्द बोलतील, मी खाली मान घालीन, झालं. आता तू बोललीस तर माझं खोटं वाया जाईल, समजलं?"

समजलं. फार चटकन समजलं.

पण पंचांनी चार शब्दांवर भागवलं नाही. त्यांनी तिचा बिल्ला अडवला. प्रभुभोजनाच्या मेजाशी बसायचं, तर पंचांच्या हातून मिळालेला शिशाचा छोटा बिल्ला लागतो. तो नसेल, त्याने बाहेर थांबायचं. तो परत हवा असेल तर बेथियाने एका रविवारी सगळ्या मंडळीसमोर उभं राहून म्हणायचं, हे कडवं मी केलं आणि मला त्याचा पश्चात्ताप आहे. एवढं एक वाक्य.

ठरलेल्या रविवारच्या आदल्या शनिवारी ती पावाची कणीक मळत होती. एकाएकी तिचे हात थांबले.

"मला जमायचं नाही गं."

"काय?"

"साहेबांपुढे खोटं बोलले, ते माझं मी बघून घेईन. पण तिथे उभं राहून, देवाच्या मेजाशी बसायला मिळावं म्हणून, देवापुढेच खोटं बोलू? मग त्या मेजाशी बसून मी खाऊ काय?"

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तो क्षण मला आजही जसाच्या तसा दिसतो. कणकेत बुडालेले तिचे हात, खिडकीतला जूनचा उजेड, गॅव्हिनने आणून दिलेली निळी वाटी. तिने माझ्याकडे पाहिलं. मागितलं काही नाही, नुसतं पाहिलं. मी म्हणाले, "चूल विझतेय वाटतं," आणि जळणाच्या पीटच्या वड्या आणायला अंगणात गेले.

रविवारी तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती उठली नाही. लोक म्हणाले, पाळकाच्या मोलकरणीला केवढा ताठा! बाबांना ते फार लागलं. त्यांनी तिला घरातून काढलं नाही. टॉशशी त्यापायी भांडलेही. पण पश्चात्ताप न होणारं मन आपल्याच चुलीशी राहतं, या दुःखाने ते तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले.

गॅव्हिनने कॅनडाला जायचं ठरवलं. चल म्हणाला. पण मंडळी बदलताना पाळकाचा दाखला न्यावा लागतो, हे माणूस आमच्यातलं आहे असा. ज्याचा बिल्ला अडलेला, त्याला दाखला नाही.

"त्याच्याशिवाय चल," तो म्हणाला. आमच्या फाटकाशी उभा होता, हातात विणकामाची कात्री, उगाच उघडमीट करत.

"आणि तिथे कुणी विचारलं, तू कुणाची, तर काय सांगू?"

"माझी सांग."

"ते तर सांगेनच रे," बेथिया म्हणाली, आणि हसली. "पण त्याच्या आधीचं काय सांगू?"

गॅव्हिनला खरं ठाऊक होतं. त्याने फाटकावरून माझ्याकडे एकदा पाहिलं. तिने त्याला न बोलण्याची शपथ घातली होती. सप्टेंबरात तो एकटाच गेला. त्याची दोन पत्रं आली. मग आली नाहीत.

पुढच्या वर्षी मला पहिला बिल्ला मिळाला. तो मी हातमोज्याच्या आत, तळव्याशी धरला होता. शिसं फार वेळ गार राहतं.

प्रभुभोजन वर्षातून दोनदा. आम्ही आत मेजाशी बसलो की बेथिया बाहेर, चर्चच्या दगडी कुंपणावर. आत तिने भाजलेला पाव मोडला जायचा, आणि बाहेर ती टिटव्या ऐकत बसायची. गोठ्यात ती गातच राहिली, पण त्या दिवसापासून शब्दांशिवाय. नुसती चाल. गाईला काय, चालत होतं.

मी बोलणार होते. टॉश जिवंत होते तोवर बाबांची भीती होती. टॉश वारले तेव्हा मेलेल्या माणसाची चेष्टा उकरून काढणं बरं दिसत नव्हतं. मग बाबा आजारी पडले. मग बरे झाले, आणि घर इतकं शांत होतं की ती शांतता मोडवेना. "बोललीस तर माझं खोटं वाया जाईल" हे तिचं वाक्य मी ठेवणीतल्या शालीसारखं जपलं. गार वारा लागला की पांघरून घ्यायचे. तिने ते त्या वेळेपुरतं म्हटलं होतं, हे मला नेहमीच कळत होतं.

मी लग्न केलं नाही. आम्ही तिघं त्याच मेजाशी म्हातारे झालो.

यंदा बाबा त्र्याऐंशीचे झाले. कानांनी जवळजवळ गेलेच आहेत. जूनचं प्रभुभोजन त्यांच्या हातचं शेवटचं. मग तरुण पाळक येतील. ते बिल्ल्यांऐवजी छापील चिठ्ठ्या आणणार म्हणे. आणि बेथियाच्या छातीत पाणी झालं आहे. डॉक्टर तिच्यासमोरच म्हणाले, पुढच्या बर्फापर्यंत नाही. ती म्हणाली, "बरं झालं, मला बर्फ कधी आवडलाच नाही."

शनिवारी तिने मला कणकेला हात लावू दिला नाही. स्टुलावर बसून, थांबत थांबत, स्वतः मळली.

"उद्या मला कुंपणावर चढवायला दोन गडी लागतील बघ," ती म्हणाली. "नाहीतर टॉशचा बोकड बोलावून घे. ओळखीचा आहे."

अडतीस वर्षांत तिने पहिल्यांदा ते नाव घेतलं. मी हसले नाही.

"बेथिया, तुला अजून वाटतं का गं? आत यावंसं?"

ती कणीक दुमडत राहिली. श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"दार उघडं असलं आणि वारा नदीकडून असला, की वास येतो मला. पावाचा." मग म्हणाली, "मी इथे चाखून बघते ना, मीठ बरोबर पडलंय का ते. इथे तो नुसता पाव असतो. तिथे कसा लागतो गं?"

चौऱ्याहत्तर वेळा मी तो खाल्ला आणि एकदाही त्याची चव घेतली नव्हती. हातात बिल्ला, तोंडात पाव, आणि डोळे दारातून कुंपणाकडे.

आज सकाळी मी तिला धरून चर्चपर्यंत आणलं. कुंपणावर घोंगडी घालून बसवलं. "जा," ती म्हणाली, "तुझी जागा जाईल."

वारा नदीकडून होता. दार उघडं ठेवलेलं. पंचांच्या बाकावर टॉशचा नातू बसला होता. त्याचीही दाढी आजोबांच्या वळणावर चालली आहे. स्तोत्र झालं, एकशेतिसरंच, पण जुन्या चालीवर. ती नवी चाल आमच्याकडे पुन्हा कुणी उचलली नाही.

मग बाबा मेजाभोवती कुंपण घालायला उभे राहिले. आम्ही त्याला तसंच म्हणतो. पाव मोडण्याआधी पाळक सांगतो, कुणी या मेजाशी येऊ नये. मद्यपी येऊ नये, वैर धरणारा येऊ नये. बाबांचा आवाज पातळ झाला आहे, वाळल्या गवतासारखा, पण शब्द अजून एकेक खुंटी ठोकल्यासारखे. दरवर्षी मी ते ऐकते. दरवर्षी एका ओळीशी मान खाली घालते आणि ती ओळ वरून निघून जाते.

"आणि ज्याने शेजाऱ्याचा अपराध नसताना त्याला तो वाहू दिला," बाबा म्हणाले, "त्याने येऊ नये."

मी उभी राहिले.

बायकांनी चर्चमध्ये बोलायचं नसतं. बाकं करकरली. शेजारणीने माझा स्कर्ट ओढला. तिला वाटलं मला घेरी आली. मी हातमोजा काढला आणि बिल्ला समोरच्या पांढऱ्या कापडावर ठेवला. त्याचा आवाज केवढा झाला.

"बाबा," मी म्हणाले, आणि जे म्हणायचं ते म्हणाले. पण अडतीस वर्षं गिळलेला घास. तो वर येताना आवाज घेऊन आला नाही.

बाबांनी कानामागे हात धरला. "कोण बोलतंय? ग्रिझेल? मला ऐकू येत नाही, मुली. मोठ्याने."

दारातून मला कुंपणावरची राखाडी शाल दिसली. तिने मान वर केली होती. लांबूनही मला कळलं, ती मान हलवत होती, नको, नको.

या खेपेला मी तिचं ऐकलं नाही. गोठ्याच्या दारातून ती मला हाक मारायची, तसा, पोटातून आवाज काढला. नदीपर्यंत जाईल असा.

"ते कडवं मी केलं होतं, बाबा. टॉशच्या दाढीचं. बेथियाने नाही, मी."